त्र्याण्णव धड्यांचं पुस्तक

मी सतरा वर्षं जे काम केलं त्याला आमच्या गल्लीत आजून बी कुणी काम मनत न्हाई. जाऊबाई इचारायच्या, दिसभर खुर्चीवर बसून करतीस तरी काय गं? मी सांगायचे, नावं लावते. कुणाला? पुस्तकातल्या ओळींना. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मनायच्या, "नावं ठेवायचंच काम असंल तर आमाला बी घे की तिथं. आमी तर ते फुकट करताव."

हे मीच टाइप केलंय. दोन बोटांनी न्हाई, दहा बोटांनी. चुका असतील त्या तुमी नीट करून घ्या. मी चौथी पास हाय, ती बी माहेरी, चिंताकीच्या शाळेत. आमच्याकडं मराठी बोलता बोलता कन्नड येतंय, हिंदी येतंय, औरादकडं गेलं तर तेलुगू बी येऊन बसतंय. त्याला मी काय करू?

लगीन होऊन मी गुलबर्ग्याला आले. तिथं डाळ मिला लई. आमचे मालक पोती उचलायचे, मी आत बायांसंगं डाळ निवडायचे. एका दिवशी थप्पी घसरली आन् पोती मालकाच्या पाठीवर आली. तवापासून नऊ वर्षं ते पलंगावर व्हते. आमची सविता तवा दुसरीत. मी सकाळी एका मिलात, दुपारी दुसऱ्या मिलात बसायचे. धुळीनं छाती भरून आली तवा डाक्टर मनला, बाई, मिल सोडा. सोडल्यावर करायचं काय, ते त्यानं सांगितलं न्हाई. रडायला बसले असते तर पलंगावरच्या माणसाला पाणी कुणी पाजलं असतं? मनून रडायचं राहिलं ते राहिलंच.

मिलच्या मागच्या रस्त्याला बसवअण्णाचं हापीस व्हतं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर बारा कॉम्प्युटर. तिथं मी झाडू मारायला लागले. अण्णा कन्नड माणूस. मराठी समजायचं समदं, पर बोलायला लागला की निम्मी गाडी कन्नडात जायची. हापिसात छापील पुस्तकं यायची, लांबून लांबून, आन् पोरी ती बगून बगून कॉम्प्युटरात घालायच्या. एका दिवशी फरशी पुसता पुसता माझी नजर एका पडद्यावर गेली. मराठी व्हतं. वाचलं तर एक बाई आडावर पाणी शेंदायला वाकली, आन् पुढच्याच ओळीत ती ग्रामपंचायतीच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायलती. मी मनलं, पोरीहो, पानं आदलाबदल झाल्यात. टाइप करणाऱ्या दोघी बी कन्नड शाळेतल्या. त्यांना आडावरची बाई आन् ग्रामपंचायत सारखीच. अण्णानं मला पानं लावायला बसवलं. त्या दिवशी झाडू राहिला भितीला टेकून, आन् दुसऱ्या दिवशी त्यानं झाडायला दुसरी बाई बगितली.

मला शिकवलं रुबिनानं. माझ्याहून पंधरा वर्षांनी धाकटी, बी.कॉम. झालेली, घरात दखनी बोलणारी. तिनं पहिल्याच दिवशी मला हापिसाचा कायदा सांगितला, "अक्का, पढना नै, खाली देखना." वाचायचं न्हाई, नुसतं बगायचं. जसं अक्षर दिसंल तसं दाबायचं. वाचायला लागलं की मन पुढं पळतंय आन् बोट चुकतंय. एकच पान दोघी येगळ्या येगळ्या टाइप करायच्या. मंग कॉम्प्युटर दोन्ही पानं एकावर एक ठेवून बगायचा, फरक निघाला तिथं तांबडं दाखवायचा. मला इंग्रजीचा एक शबुद कळत नव्हता, तरी माझ्या इंग्रजी पानांत सगळ्यांत कमी तांबडं निघायचं. कळत नव्हतं मनूनच निघत नव्हतं, असं रुबिना मनायची. ती खरंच बोलायची.

टाइप झालं की खरं काम सुरू व्हायचं. त्याला मार्कअप मनतात. आता हे जरा नीट सांगते, कारण माझ्या घरच्यांना सतरा वर्षांत कळलं न्हाई.

कॉम्प्युटरला सांगायच्या दोन तऱ्हा असतात. एक मंजे, सुनेला भाकर शिकवल्यासारखं. पीठ घे, पाणी घाल, मळ, थाप, तव्यावर टाक, उलट. पायरीपायरीनं. ते प्रोग्राम लिवणाऱ्यांचं काम. ते शिकलेले लोक, बेंगळूर-हैदराबादला बसतात. दुसरी तऱ्हा आमची. मिलमध्ये पोत्यावर निशाणी मारतात तशी. पोत्यावर लिवायचं, ही तूर डाळ, ही चुणी, हा भुसा. बस. त्याला कुठं न्यायचं, कितीला द्यायचं, शिजवायचं का जनावराला घालायचं, ते आपुन सांगायचं न्हाई. निशाणी बगून ज्याचा तो करतो. आमी बी तसंच. ओळीच्या आधी टोकदार कंसात लिवायचं, हा मथळा हाय. ओळ संपली की दुसऱ्या कंसात लिवायचं, मथळा संपला. हा परिच्छेद. ही यादी. ही चित्राखालची ओळ. ह्या कंसातल्या चिठ्ठीला टॅग मनतात. मोठं कर, ठळक कर, मधी घे, असं आमी काय मनायचं न्हाई. फकस्त हे काय हाय ते सांगायचं. मंग मोबाईल त्या मथळ्याला त्याच्या जागेपुरतं मोठं करतो, कागदावर छापणारा त्याच्या बेतानं करतो. पुस्तक एक, निशाण्या एकदाच मारलेल्या, आन् ज्याला जसं पाहिजे तसं तो दाखवतो. एचटीएमएल मना, एक्सएमएल मना, बाहेरची नावं येगळी, आतली तऱ्हा हीच.

टॅगची नावं इंग्रजी. ती आमच्या ध्यानात राहात नव्हती मनून आमी घरची नावं ठिवली. मोठ्या मथळ्याला थोरली, त्याच्या पोटातल्याला मधली, त्याच्या पोटातल्याला धाकटी. थोरलीच्या आधी धाकटी आली तर चालायचं न्हाई, जावांची रीत मोडते. आन् उघडलेलं झाकायचं. आतलं आधी झाकायचं, बाहेरचं मागून. डब्यात डबा ठेवल्यावर मधल्याचं झाकण लावल्याबिगर मोठ्याचं लागंल का?

एकदा हे झाकणच राहिलं. परमुलखातलं वकिलीचं पुस्तक व्हतं, चारशे पानांचं, संध्याकाळपर्यंत पाठवायचं. दुपारी अण्णानं उघडून बगितलं तर सुरुवात सरळ, आन् मधीच कुठून तरी शेवटपर्यंत समदी अक्षरं तिरपी. वाऱ्यानं जोंधळा आडवा व्हावा तशी. कुणीतरी एका शब्दाला 'हा जोराचा शबुद' असा टॅग उघडला, तो तिरपा दिसतो, आन् झाकला न्हाई. अण्णा घामाघूम. रुबिना एकेक ओळ बगत बसली, चारशे पानं. मी मनलं, असं कामून करायलीस? भाकर मोडल्यासारखी अर्धी मोड की. अर्ध्यावरची ओळ तिरपी हाय का? हाय. मंजे खोट आधीच्या अर्ध्यात. तिचं परत अर्धं. सरळ हाय का? मंजे खोट पुढं. आठ-धा मोडीत आमी त्या पानावर आलाव, शबुद समोरच व्हता. अण्णा मनला, अक्का, हे तर शिकलेले लोक करतात. मी मनलं, शिकलेल्यांना बी भाकर मोडावी लागत असंल.

त्याच्यानंतर अण्णानं एक तपासणारं मशीन आणलं. मशीन मंजे कॉम्प्युटरातलाच प्रोग्राम. झाकणं बरोबर हायत का, थोरलीच्या पोटात मधलीच हाय ना, एवढं बगायचं आन् बरोबर असंल तर हिरवं दाखवायचं. आमी त्या हिरव्याला लई मानायला लागलाव. हिरवं आलं की काम झालं.

गिऱ्हाईकं बी एकेक यायची. एका बिर्याणीच्या हॉटेलवाल्यानं आपली यादी इंटरनेटवर घालायला दिली. त्याला समदंच थोरली पाहिजे. बिर्याणी थोरली, तहारी थोरली, पाण्याची बाटली बी थोरली. आमी समजावलं की समदंच मोठं केलं तर मोठं काहीच दिसणार न्हाई. तो ऐकंना. मनला, बाटली बी माझ्याच हॉटेलातली हाय ना? शेवटी रुबिना मनली, "भाई, सब्बीच दूल्हे बने तो बारात में कौन आता?" तवा कुठं तो हसला आन् बाटली खाली उतरवली. त्याच्यावर आमी महिनाभर हसलाव. आपुन बी तेच करणार हाव, हे तवा कुणाला ठावं?

ते झालं सुरेखाच्या पुस्तकात.

निंबर्ग्याहून एक म्हातारे अप्पा आले, धोतर, टोपी, पिशवीत जाडजूड पुस्तक. त्यांची लेक सुरेखा. सा वर्षांची असताना गोवर आला आन् दोन्ही डोळे गेले. तरी पोरगी शिकली. आंधळ्यांच्या शाळेत कॉम्प्युटर शिकली, तो कॉम्प्युटरच तिला बोलून वाचून दाखवायचा. आता मास्तरीण व्हायचं मनून परीक्षेला बसायलती. हे पुस्तक लहान लेकरांच्या मनाचं. लेकरं कशी शिकतात, कशानं बिचकतात, त्याचं. हिच्या आधीच्या परीक्षांना धाकटी बहीण वाचून दाखवायची, पर तिचं लगीन झालं, ती सोलापूरकडं गेली. अप्पा मनले, "मला सही येती, पुस्तक येत न्हाई. दोन महिन्यांवर परीक्षा हाय. तेवढं कॉम्प्युटरात घालून द्या, मंग ती कुणाच्या तोंडाकडं बगणार न्हाई." अण्णानं त्यांच्याकडून काय घेतलं न्हाई. मराठी मनून पुस्तक माझ्याकडं आलं.

तीन आठवड्यांत केलं मी ते. हापिसाच्या कायद्यानं केलं. वाचलं न्हाई, बगितलं. ठळक आन् मोठं दिसलं की थोरली. चौकटीत बारीक अक्षर दिसलं की चित्राखालची ओळ. बारीक दिसलं की परिच्छेद. परमुलखातल्या पुस्तकांना आमी वर्षानुवर्षं असंच करायलताव, हात तसाच बसलेला. मशीनवर टाकलं, पहिल्या खेपेला हिरवं. मी रुबिनाला बोलवून दाखवलं सुद्धा. अप्पा येऊन घेऊन गेले, जाताना मला हात जोडले.

पंधरा दिसांनी हापिसात फोन आला. पोरगी हळू आवाजात मनली, "जयभीम मावशी, मी निंबर्ग्याची सुरेखा. तुमच्या हातात ते पुस्तक हाय का?"

हाय मनलं. झेरॉक्स ठिवली व्हती.

"त्याच्यात धडे किती हायत?"

मी शेवटच्या धड्याचं पान बगून सांगितलं, बारा.

ती मनली, "माझ्यात त्र्याण्णव निघायलेत."

मला हसूच आलं. मी मनलं, असं कसं व्हईल?

"पहिल्या धड्याचं नाव 'लक्षात ठेवा' हाय," ती मनली. "दुसऱ्याचं बी 'लक्षात ठेवा'. पाचव्याचं 'खरे की खोटे'. मी पंधरा दिस झालं धडे हुडकायलेय मावशी. मला वाटलं माझंच डोकं चालंना."

माझं हसू गेलं.

तिचं कसं असतंय ते मी तवा पहिल्यांदा समजून घेतलं. तिचा कॉम्प्युटर ओळ वाचतो, पर ती ओळ मोठी हाय का बारीक, काळी हाय का तांबडी, ते तिला दिसत न्हाई. तिला ठावं असतंय फकस्त आमी मारलेली निशाणी. एक कळ दाबली की कॉम्प्युटर उडी मारून पुढच्या मथळ्यावर जातो आन् सांगतो, शीर्षक, पातळी एक. डोळसानं पानं चाळावीत तसं ती कळ दाबून धडे चाळते. आन् मी काय केलं? त्या पुस्तकाच्या छापणाऱ्यानं 'लक्षात ठेवा', 'विचार करा', 'खरे की खोटे' अशी अक्षरं ठळक आन् मोठी छापली. मी समद्यांना थोरली केलं. धड्याची नावं त्यानं हौसेनं एका नक्षीच्या चौकटीत बारीक अक्षरात घातली. त्यांना मी चित्राखालची ओळ केलं. तिचा कॉम्प्युटर तिथं आला की 'चित्र' मनून पुढं जायचा. मंजे बाराच्या बारा धड्यांची दारं मी लिंपून टाकली, आन् भितीला त्र्याण्णव खोटी दारं काढून ठिवली. पयल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं तर चार दिस लागायचे. पर अभ्यास तसा होतोय का? मागं जावं लागतंय, परत बगावं लागतंय.

बिर्याणीवाल्यानं सांगून सवरून केलं व्हतं. मी न सांगता केलं.

अण्णाकडं गेले. मनलं, हे परत करावं लागंल. त्याच्या टेबलावर परमुलखाच्या कामाचा ढीग पडलेला, माणसं कमी. तो काही वाईट माणूस नव्हता. मनला, "अक्का, मशीन हिरवं मनायलंय ना? मंग चूक कुठं हाय?"

मी मनलं, "अण्णा, मशीन झाकण बगतंय. डब्यात काय हाय ते बगत न्हाई."

तो जरा वेळ कन्नडात काहीतरी पुटपुटला. मंग मनला, दिसाचं काम बुडवायचं न्हाई. हापिसाची किल्ली घे, सकाळी उघड, रविवार घे, काय करायचं ते कर. परीक्षेला बावीस दिस व्हते.

मालक तवा वारून दोन वर्षं झाली व्हती, सविता नर्सिंगला व्हती. घरात माझी वाट बगणारं कुणी नव्हतं. सहाला हापीस उघडायचे. आन् पयलं काम केलं ते मंजे कायदा मोडला. बगायचं सोडलं, वाचायला बसले.

चौथी पास बाईनं साडेतीनशे पानांचं पुस्तक वाचायचं मंजे काय असतंय ते तुमाला काय सांगू. बोट ठेवून, ओठ हलवून वाचायचे. प्रत्येक ओळीला इचारायचे, तू कोण हाईस? तू धड्याचं नाव हाईस, का इशारा हाईस, का उदाहरण हाईस, का दुसऱ्या कुणाचं बोलणं हाईस? त्याचं उत्तर अक्षराच्या जाडीत नसतंय. ते वाचल्यावरच कळतंय. सतरा वर्षांतली निम्मी मी हे न कळता काढली व्हती, आन् पगार बी घेतला व्हता.

रुबिना लौकर यायला लागली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, ऐकून समजायचं. माझ्या बाजूला चहा घेऊन बसायची आन् मी थांबले की मनायची, आगे क्या लिखा अक्का? एका धड्यात एक लेकरू व्हतं, ते वर्गात बोलताना अडखळायचं मनून पोरं हसायची आन् ते शाळेतच येईना. त्याचं पुढं काय झालं ते पान संपल्याबिगर रुबिनानं मला टॅग लावू दिला न्हाई.

सातव्या धड्यात मात्र मीच अडकले. तिथं डावखुऱ्या लेकरांचं लिवलंय. डाव्या हातानं लिवणं ही खोड न्हाई, मार देऊन हात बदलायला लावला तर लेकरू मनातून कचरतंय. आमची सविता डावखुरी व्हती. पाव्हणे हसतात मनून मी तिचा डावा हात सुतळीनं बांधून पाटीवर उजवा ठिवायचे. मिलमधून दमून आलेली असायचे, दोन चापटी बी द्यायचे. ती उजव्यानं लिवायला शिकली आन् तिचं अक्षर आजून बी शिवारातल्या बैलासारखं कुठं बी जातंय. मी त्या उताऱ्याला परिच्छेदाचा टॅग लावला. दुसरा काय लावणार? त्या दिवशी तिला फोन करून सांगितलं, बाई, तुझा हात मी बांधायला नको व्हता. ती दवाखान्यात गडबडीत व्हती. मनली, "आई, ते कवाचं काय काढायलीस? जेवलीस का?" तिच्याकडून ते संपलं. माझ्याकडून संपलं का, ते मी बगत न्हाई.

काही उतारे कळायचेच न्हाईत. एका धड्याच्या मधी एका आईनं मास्तरला लिवलेली चिठ्ठी व्हती, नाव न्हाई, चौकट न्हाई, काय न्हाई. तिला काय मनायचं? असं अडलं की मी सातला सुरेखाला फोन लावायचे. वाचून दाखवायचे. ती ऐकायची आन् मलाच इचारायची, मावशी, तुमाला काय वाटतंय? मी मनायचे, मला वाटतंय ह्ये उदाहरण हाय. ती मनायची, कशाचं? मंग मला सांगावं लागायचं कशाचं. मी चुकले की ती नीट करायची, ती अडली की मी परत वाचायचे. चिठ्ठीला आमी मधली लावली न्हाई, 'दुसऱ्याचं बोलणं' असा टॅग लावला. 'लक्षात ठेवा'ला समद्या धड्यांत एकच निशाणी लावली, तिनं सांगितल्याप्रमाणं, मंजे परीक्षेच्या आधी तिला नुसते तेवढेच ऐकत जाता येतील. हे मला सुचलं नसतं. मी फकस्त चूक नीट करायलते, ती पुढचा रस्ता बगायलती.

एकदा अप्पांनी फोन घेतला. मनले, "ती तुमच्या फोनच्या आधी उठून बसती. बहिणीच्या लग्नापासून कुणाशी एवढं बोलली नव्हती." मंग त्यांनाच कसंतरी वाटलं असंल, त्यांनी फोन तिला दिला.

परीक्षेच्या सा दिस आधी काम झालं. मशीनवर टाकलं. हिरवं आलं. ह्या खेपेला मी कुणाला बोलवून दाखवलं न्हाई. अण्णानंच मला न सांगता झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाला मोटारसायकलवर निंबर्ग्याला धाडलं. सुरेखानं पुस्तक उघडलं आन् मला फोन करून एवढंच मनली, बारा हायत.

आता हापीस न्हाई. परमुलखाची कामं आधी कमी झाली, मंग बंद झाली. टॅग लावायचं काम आता मशीनच करतंय मनतात. कसं करतंय, मनून मी रुबिनाला इचारलं. ती आता बिदरला असती, मुलाच्या मोबाईल दुकानात. ती मनली, अक्षर मोठं दिसलं की मथळा, चौकट दिसली की चित्र, लई करून तसंच. मी मनलं, मंजे माझ्या पहिल्या खेपेसारखं. ती मनली, व्हय अक्का, तुमच्याहून जल्दी. त्या मशीनला वाईट बोलत न्हाई मी. मला बी तेच शिकवलं व्हतं. पर कुठं तरी कुणी तरी पोरगी पंधरा दिस धडे हुडकत असंल आन् मनत असंल माझंच डोकं चालंना, असं कवा कवा मनात येतंय.

सुरेखा पास झाली. पयल्या खेपेला न्हाई. लेकरांच्या मनाच्या पेपरात लई मार्क पडले, पर गणिताचं पुस्तक कुणी केलेलंच नव्हतं, त्याच्यात गेली. मंग आमी गणिताचं बी केलं. अपूर्णांकात वरचं कुठलं आन् खालचं कुठलं, ते कानाला कळंल असं मार्क करायला मला सा महिने लागले. दुसऱ्या खेपेला पास झाली आन् आता आळंदकडच्या एका शाळेत हाय. डोळस लेकरांना शिकवती. लोक इचारतात, तुमाला कसं वाटलं? बरं वाटलं. दुसरं काय वाटणार?

पर मला जास्ती याद राहतो तो पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशीचा फोन. दुपारची वेळ, जेवणाची सुट्टी. ती मनली, "मावशी, पुस्तक घ्या हातात. कुठलं बी इचारा."

मी मनलं, तू अभ्यास कर की बाई, खेळ कामून करायलीस?

"ह्योच अभ्यास हाय. इचारा."

मी झेरॉक्स मांडीवर घेतली. मनलं, बरं, अकराव्या धड्यात खोटं बोलणाऱ्या लेकरांचं हाय, त्याच्यातलं दुसरं उदाहरण काढ. मनून मी बी पानं उलटायला लागले, चष्मा लावून, बोटाला थुकी लावून. फोनमधून टकटक आवाज यायला लागला, थोरलीवरून थोरलीवर, मंग मधलीवर. तिच्या कॉम्प्युटरचा बोलण्याचा सपाटा असा की मला एक शबुद कळंना. मंग तो आवाज थांबला, आन् ती ते उदाहरण स्वतःच्या तोंडानं, सावकाश, मला वाचून दाखवावं तसं मनायला लागली. दोन ओळी मनून थांबली.

"मावशी, तुमी पोचलाव का?"

"थांब गं बाई," मी मनलं, "मी आजून आठव्यातच हाय."